तांब्याच्या हंड्यातलं पाणी

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणजे शेणानं सारवलेल्या अंगणात कोंबडी फिरून गेल्यासारखं. लेकीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहितेय. कुणाच्या हाती लागलीच तर हसू नका. जे तोंडानं सांगायला हवं होतं ते तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर गेवराईत बाजाराच्या मैदानावर माशांचं प्रदर्शन आलं होतं. पत्रे आणि कापड लावून केलेला लांबलचक बोगदा, दोन्ही अंगांना काचेच्या टाक्या, आत निळे दिवे. एका तोंडानं शिरायचं, दुसऱ्या तोंडानं बाहेर पडायचं. आमच्या शेजारचे मिस्त्रीचाचा, गावात पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, ते तिथं जनरेटर सांभाळायला होते. त्यांनी मालकाकडं माझ्यासाठी शब्द टाकला.

"झाडायला बाई पायजे म्हणत होता ना? ही चांगली हाय. फक्त बोलत न्हाई."

मालक म्हणाला, "बोलणारी माणसं लई हायेत माझ्याकडं. झाडणारं कुणी न्हाई."

अशी मी लागले. सकाळी लोक यायच्या आधी बोगदा झाडायचा, काचा पुसायच्या. मला हे काम आवडलं, कारण मासे काही विचारत नाहीत.

टाक्यांची सगळी निगा एक ताई बघायच्या. त्या रत्नागिरीकडच्या, कोळ्याच्या घरातल्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आधी त्या एका मत्स्य कॉलेजात टाक्या धुवायला होत्या, तिथं सरांचं ऐकून ऐकून बरंच शिकल्या. मला त्या "बाय" म्हणायच्या. मी उत्तर दिलं नाही तरी त्या बोलत राहायच्या, त्यामुळं त्यांच्याजवळ मला अवघड वाटायचं नाही.

सगळ्यात शेवटच्या टाकीवर पाटी होती, "ऑक्टोपस". पहिल्या दिवशी मी ती काच पुसत होते. आत नुसते दगड होते. मला वाटलं, रिकामी टाकी आहे, उगाच पाटी लावली. तेवढ्यात एका दगडानं डोळा उघडला. शेळीच्या डोळ्यासारखी आडवी बाहुली. मी फडकं टाकून मागं सरले, तर ताई हसायला लागल्या.

"घाबरू नको गो. तोच तुला घाबरलाय, म्हणून दगड झालाय."

ते दगड आमच्याच रानातले होते, काळे. येताना गाडीत हादरे बसून त्याच्या टाकीतले समुद्राचे दगड फुटले, म्हणून ताईंनी इथले आणून, धुऊन, उकळून आत टाकले होते. बघता बघता त्यानं आमच्या काळ्या मातीचा रंग घेतला. नुसता रंग नाही, अंगावर दगडासारखे उंचवटेसुद्धा आणले. मी ताईंना म्हटलं (मी आपण होऊन विचारलेली ती पहिली गोष्ट), "ह्यानं आधी कधी असे दगड बघितले होते का?"

"कुठून बघणार? ह्याचा जन्म समुद्रातला."

"मग कसं जमलं?"

"त्याला जमावंच लागतं. बघ, ह्याला हाड नाही, काटा नाही, कवच नाही. सगळा मऊ गोळा. समुद्रात जो तो ह्याला खायला टपलेला. मग हा जिथं बसेल तिथला होतो. वाळूत वाळू, शेवाळात शेवाळ. गंमत म्हणजे त्याला स्वतःला रंग दिसतच नाहीत म्हणतात."

"न दिसता कसा घेतो?"

"ते कॉलेजातल्या सरांनाही धड सांगता येत नव्हतं. मी काय सांगू?"

रोज थोडं थोडं त्या सांगत गेल्या. त्याच्या हातांना खालून वाट्या असतात, त्या वाट्यांनाच चव कळते. आपण जिभेनं चाखतो, तो हात लावून चाखतो. पळायचं झालं तर पोटात पाणी भरून घेतो आणि एका नळीतून जोरात सोडतो, की झपकन मागं जातो. तोंडात पोपटासारखी चोच असते, तेवढीच काय ती टणक, तेवढी फट असली तरी सगळं अंग त्यातून ओढून नेतो, कारण अडकायला आत हाडच नाही. म्हणून झाकणावर वीट ठेवलेली असायची. ताईंनी एकदा माझं बोट पाण्यात धरायला लावलं. त्यानं एक हात लांब करून बोटाभोवती गुंडाळला. गार लागलं. लहान लेकरू दूध पिताना बोट चोखतं तसं ते ओढणं. मग त्यानं सोडून दिलं. ताई म्हणाल्या, "चाखून बघितलं तुला. ओळख झाली."

त्यानंतर मी काचेजवळ गेले की तो दगडांतून थोडा बाहेर यायचा. मिस्त्रीचाचा आले की मात्र नळी पाण्याबाहेर काढून त्यांच्यावर चूळ मारायचा. चाचांचा सदरा दोनदा भिजला.

"अरे, म्या काय केलं रे तुझं? लाईट म्याच देतो ना तुला!" चाचा त्याला म्हणायचे. "बेटी, हे माझ्या साडूसारखं हाय बघ. खातं माझं आन् थुंकतं बी माझ्यावरच."

लोकांना मात्र तो दिसायचाच नाही. सगळ्या बोगद्यातून चालत यायचे ते त्याच्यासाठी, आणि काचेत बघायचे तर काळे दगड.

"कुठं हाय बे आठ पायाचं?"

"ते काय!"

"तो धोंडा हाय. धोंडा बघायला पैसे दिले व्हय? आमच्या रानात चला, फुकट दाखवतो."

मग तिकिटाच्या खिडकीवर भांडण. मालक वैतागला. त्यानं एक बारीक काठी आणून माझ्या हातात दिली आणि सांगितलं, गर्दी झाली की टोचायचं, म्हणजे हलेल. मला टोचायचं नव्हतं. पण "न्हाई टोचणार" एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी काठी घेतली. टोचल्यासारखं करून दगडालाच लावायची. एक दिवस मालकानं ते बघितलं, काठी ओढून घेतली आणि स्वतः टोचलं. आतल्या जनावरानं अंगातली शाई सोडली. सगळी टाकी काळी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालक खूश झाला, म्हणाला, "हे रोज करायचं!"

ताई धावत आल्या. "समुद्रात शाई सोडतो नि दूर पळतो. इथं कुठं पळेल? त्याच शाईत गुदमरून मरेल! मग दाखवा दगड!" दुपारभर आम्ही अर्धं पाणी उपसलं. काठी त्यांनी मोडून चुलीत घातली.

आणखी एक त्रास होता तो नाण्यांचा. आमच्याकडं गोदावरीत नाणं टाकायची रीत आहे. पाणी दिसलं, त्यात काही जिवंत दिसलं, की बायका हात जोडून झाकणाच्या फटीतून नाणं सोडायच्या. जुनं, काळं पडलेलं, देव्हाऱ्यातलं नाणंसुद्धा कुणी कुणी आणायचं. ताईंचा दंडक होता, नाणं दिसलं की लगेच चिमट्यानं काढायचं. "नाणं म्हणजे ह्याला विष." मी नेटानं काढायची. माझी समजूत झाली, की नाण्याला दहा जणांचे हात लागलेले असतात, त्यात घाण असते, म्हणून ते विष. तेव्हाच विचारलं असतं, नाण्यात विष कशाचं? पण मला विचारायची सवय नाही. जे सांगतील ते करायचं, आणि उरलेलं आपल्या मनानं लावून घ्यायचं, अशीच मी वाढले.

माघाच्या शेवटी ताईंना फोन आला. त्यांची आई बंदराच्या धक्क्यावर घसरून पडली होती, खुबा मोडला होता. त्यांना जावंच लागणार होतं. आठ दिवस. त्यांनी मला टाकीपाशी बसवून सगळं सांगितलं. पाणी रोज थोडं आटतं. पण मीठ आटत नाही, ते खालीच राहतं. म्हणून वर भरायचं ते गोडं पाणी भरायचं, मिठाचं नाही. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, ते एक दिवस उघडं ठेवायचं, वास गेला की घालायचं. लाईट गेली तर बर्फ केलेल्या बाटल्या पाण्यात सोडायच्या. दिवसाआड एक खेकडा. पाणी जास्त बदलावं लागलंच तर पोत्यातली समुद्री मिठाची पावडर कालवायची, खारटपणा मोजायची काचेची नळी सोडून बघायची, लाल रेघेशी तरंगली की बरोबर.

मालक बाजूला उभा होता. म्हणाला, "हिच्या भरवशावर? ताई, जनावर तुमच्या जबाबदारीवर हाय. मेलं तर पैसे तुमच्या पगारातून. आठ हजार पडलेत मला."

"काही होत नाही," ताई म्हणाल्या. "ही माझ्यापेक्षा जास्त जपते."

पाणी ठेवायला एक प्लॅस्टिकचा टब होता. दुसऱ्याच दिवशी चाचांच्या पोरांनी जनरेटरची बॅटरी त्यात धुतली. मला त्यात पाणी ठेवायचा धीर होईना. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, चांगलं भांडं पाहिजे, पाणी ठेवायला.

"कुणासाठी?"

"प्रदर्शनातल्या जनावरासाठी."

"मंग तांब्याचा हंडा ने की! प्लॅस्टिकात काहून ठेवतीस? तांब्यातलं पाणी बाधत न्हाई. माझ्या सासऱ्यानं जल्मभर तांब्यातलं पाणी पिलं, नव्वदीत बी कावीळ न्हाई का खोकला न्हाई."

हंडा माझ्या आईनं आंदणात दिलेला. घरात त्याच्याइतकं चांगलं भांडं दुसरं नव्हतं. सणाला महादेवाचं पाणीसुद्धा त्यातूनच. मी तो खाली काढला. चिंच आणि मीठ लावून आतून-बाहेरून घासला, असा घासला की त्यात तोंड दिसावं. डोक्यावर घेऊन मैदानापर्यंत गेले. रात्रभर पाणी त्यात राहायचं, सकाळी मी तांब्या भरभरून टाकीत घालायची. मला बरं वाटायचं. कुणी न सांगता मी काही चांगलं केलं होतं.

चौथ्या दिवशी त्यानं खेकडा धरला नाही. खेकडा त्याच्या अंगावरून चालत गेला तरी तो हलला नाही. पाचव्या दिवशी त्याचा रंग उतरायला लागला. काळ्या दगडांत तो पांढरट दिसायला लागला, पिठाच्या गोळ्यासारखा. आता लोकांना तो लांबूनच दिसायचा. मालक म्हणाला, "बघ, आता कसा दिसतो! ताई गेल्या ते बरंच झालं." बाहेर रांग लागली. मी काचेजवळ उभी राहिले, तो माझ्याकडं आला नाही. हातांची टोकं वळून वर आली होती.

मी चाचांकडं गेले. चाचांनी टाकीत वाकून बघितलं. ते थट्टा करायच्या तयारीनं आले होते. "बेटी, आज माझ्यावर थुंकलं न्हाई हे," एवढंच म्हणाले, आणि ताईंना फोन लावून माझ्या कानाला दिला.

ताई दवाखान्यात होत्या, मागं गलका. "पाणी बिघडलं असेल गो. स्वच्छ भांड्यात ठेवतेस ना?"

"लई स्वच्छ," मी म्हटलं.

"मग असं कर. निम्मं पाणी काढ. ताजं कालव नि घाल. मी परवा निघते."

मी निम्मं पाणी काढलं. ताजं पाणी कालवलं. पावडर हंड्यातच टाकली, हंड्यातच हातानं ढवळली, काचेची नळी सोडून बघितली. बरोबर लाल रेघ. पाच-सहा हंडे झाले असतील. मीठ पुरतं विरघळावं म्हणून प्रत्येक हंडा बराच वेळ तसाच ठेवत होते. शेवटच्या हंड्याला पाण्याच्या काठानं हिरवट कड दिसली. मला वाटलं, पावडरीचाच रंग असेल.

दुसऱ्या दिवशी तो काचेला लागून वर चढायला बघत होता. वाट्या चिकटत नव्हत्या. थोडा वर यायचा, सुटायचा, खाली पडायचा. लोक म्हणत होते, खेळतोय. शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी झाकणाची वीट काढली आणि हात आत घातला. त्यानं बोटाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. काय करावं ते मला कळेना. गार करायच्या बाटल्या सोडल्या. देवाला हात जोडले. आणखी दोन तांबे पाणी घातलं.

ताई आल्या तेव्हा तो तळाशी होता. त्याच्या अंगातल्या नळीतून पाणी येत होतं, थांबून थांबून. त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. टाकी बघितली, हवा सोडायचं मशीन बघितलं, काचेची नळी सोडून मीठ बघितलं. सगळं बरोबर होतं. मग त्यांची नजर मागं गेली. हंडा तिथंच होता.

"ह्यात ठेवत होतीस पाणी?"

मी मान हलवली.

"मीठ पण ह्यातच कालवलंस?"

मी मान हलवली.

त्या उकिडव्या बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"बाय, तांबं ह्यांना विष. नाण्यात पण तेच असतं, म्हणून काढायला सांगत होते. मी म्हणायला पाहिजे होतं, तांबं नको. कुणाच्या मनात येणार?" मग म्हणाल्या, "ह्याचं रक्त निळं असतं, ठाऊक आहे? आपल्या रक्तात लोखंड, ह्याच्या रक्तात तांबंच. त्यावरच हा थंड पाण्यात श्वास घेतो. पण त्याला लागतं ते नखाएवढंही नाही, तेवढं समुद्रातून आपोआप मिळतं. वरून घातलं की मरतो."

मी हंड्याकडं बघत होते. चिंचेनं घासलेला.

तो दुपारी गेला. गेल्यावर त्याचा काळा, करडा, कसलाच रंग उरला नाही.

मालक आला. आधी टाकीवर ओरडला, मग चाचांवर, मग विचारलं, "पाण्यात काय घातलं? कुणी घातलं?"

मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभी होते. सांगायचं होतं, मी घातलं. खरंच सांगायचं होतं. पदर तोंडाशी गेला. बोगद्याच्या तोंडाशी माणसं उभी होती, सगळी माझ्याकडं बघतायत असं वाटलं, आणि मी खाली बघितलं.

ताई म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं भांड्याचं. माझी चूक."

"मंग बोलल्याप्रमाणं पगारातून कापतो."

"कापा."

चाचा माझ्याकडं बघत होते. मी हंडा उचलून घरी आले. सासूबाईंनी विचारलं, जनावर कसं हाय? मी म्हटलं, बरं हाय.

चार दिवसांनी प्रदर्शनाचा गाशा गुंडाळला. ताई ट्रकमध्ये पुढं बसल्या होत्या. मी गेले, पण ट्रकच्या मागच्या बाजूलाच थांबले. त्यांनी आरशात बघून हात केला. आईच्या खुब्याचं ऑपरेशन त्या महिन्यात होणार होतं, हे मला चाचांकडून नंतर कळलं.

त्यानंतर मी एका मंगल कार्यालयात भांडी घासायला लागले. पहिले पाचशे साठले तेव्हा चाचांच्या दुकानात जाऊन त्यांच्यापुढं ठेवले. म्हटलं, ताईंना फोनवरून पाठवा. चाचांनी कशासाठी ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी ते परत पाठवले. चाचांनी पुन्हा पाठवले. चाचांच्या फोनवर ताईंचा फोन आला, "कशाला गो? मी मागितले का?" फोन माझ्या कानाला होता आणि मला एक शब्द बोलता आला नाही. त्यांनीही ठेवला नाही. मग पलीकडून खोकल्याचा आवाज आला, त्यांच्या आईचा असावा, आणि फोन बंद झाला. त्यानंतर त्यांनी पैसे परत केले नाहीत.

लगीनसराईत महिन्यातून दोन-तीनदा पाचशे गेले, श्रावणात एकदाही नाही, दिवाळीनंतर पुन्हा तसंच. मालकाला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. तो कुठल्या गावाला आहे तेही माहीत नाही. ताई आता त्याच्याकडं नाहीत.

काल शेवटचे पाचशे घेऊन गेले. चाचांचे हात ग्रीसनं काळे होते, त्यांनी करंगळीनं आकडे दाबले. थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला, ताईंचा निरोप होता. चाचांनी वाचून दाखवला. "पोचले. आठ हजार पुरे झाले. आता पाठवू नको."

"फिटले, बेटी," चाचा म्हणाले, आणि पंपाकडं वळले.